पांढऱ्या डोळ्यांची कावीळ

मानेवाड्याहून एका वाचकांनी विचारलं आहे: "भाच्यानं कॉलेजात रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं, पुढच्या तपासण्या झाल्या आणि 'हेपॅटायटिस सी' निघाला. घरी आम्ही सांगितलं, सी प्रकारची कावीळ आहे. तर माझी आई म्हणते, 'अरे बाप्पा, पोट्ट्याचे डोळे तं कापसासारखे पांढरे हायेत, कावीळ कायची?' मग म्हणायचं काय? 'कावीळ क', 'कावीळ सी' की 'यकृतदाह'?"

आईंना माझा नमस्कार सांगा. शब्दार्थ त्यांनाच बरोबर कळला आहे.

'कावीळ' आली 'कामला'वरून. आयुर्वेदात या रोगाचं नाव तेच. दोन स्वरांमधल्या 'म'चा 'व' होणं ही मराठीची जुनी खोड: श्यामलचा सावळा, कोमलचा कोवळा, आमलकाचा आवळा, तशीच कामलेची कावीळ. नाव दिलं गेलं ते डोळ्यांना दिसणाऱ्या पिवळेपणाला. रक्तातल्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. त्याचा निचरा यकृत करतं. निचरा तुंबला की पिवळेपणा येतो. पण यकृत धडधाकट असूनही पेशीच भराभर मोडू लागल्या तरी तो येतो. आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी लवकर मोडणाऱ्या आनुवंशिक आजाराची, कितीतरी मुलं पिवळसर डोळ्यांनी शाळेत जातात. त्यांच्यात कसलाही विषाणू नसतो. आणि तुमच्या भाच्याच्या यकृतात विषाणू आहे, तर डोळे पांढरे. हेपॅटायटिस सीची लागण झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढं वर्षानुवर्षं तो मुकाट्यानं राहू शकतो. म्हणजे कावीळ आहे तिथं हा रोग असेलच असं नाही, आणि रोग आहे तिथं कावीळ असेलच असंही नाही. असा शब्द रोगाच्या नावात कशाला घालायचा?

दुसरा घोटाळा पावसाळ्यात होतो. नळात घाण पाणी आलं की वस्तीत 'काविळीची साथ' येते. ती बहुधा ए नाहीतर ई विषाणूची. पाण्यातून, अन्नातून पसरणारी आणि बहुतेकांची आपोआप बरी होणारी. ती आपोआपच बरी होत असल्यामुळं माळ घालून कावीळ उतरवणाऱ्यांचा धंदा चालतो. सी मात्र रक्तातून जातो. कुणी वापरलेली सुई, नीट न उकळलेली अवजारं, न तपासलेलं रक्त. एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. 'कावीळ' म्हटलं की लोक भाच्याचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवतील, आणि तो अन्याय शब्दामुळं होईल.

आता 'क' की 'सी'. 'क जीवनसत्त्व' आपण बिनदिक्कत म्हणतो, त्यामुळं 'क' चुकीचा नाही. पण रिपोर्टवर 'एचसीव्ही' (हेपॅटायटिस सी व्हायरस) असतं, औषधाच्या चिठ्ठीवर सी असतं, त्यामुळं सीच ठेवा. शिवाय या अक्षराला इतिहास आहे. 1975 साली असं लक्षात आलं की रक्त दिल्यानंतर होणारा यकृताचा बराचसा आजार ए विषाणूचा नाही आणि बीचाही नाही. त्याला नाव पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. निव्वळ नेति नेति! चौदा वर्षं हा रोग नकारावर जगला. 1989मध्ये मायकेल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू डोळ्यांनी न पाहताच त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा तुकडा शोधला, आणि त्याला सी मिळाला. हाउटन, हार्वे आल्टर आणि चार्ल्स राइस यांना 2020चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

'विषाणू' हा शब्द मला आवडतो, कारण लॅटिन 'व्हायरस'चाही अर्थ विषच. तरी इथं विष जरा जास्तच बोलतं. हा प्राणी यकृताच्या पेशीला फारसं विष घालत नाही. पेशीत राहून स्वतःच्या नकला काढतो. नासधूस मुख्यतः आपलंच प्रतिकारदल त्या पेशींवर तुटून पडल्यानं होते.

मी उमेदीची वर्षं नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली, म्हणून हा कारभार मला लगेच समजला. विषाणूची संहिता आरएनए या आनुवंशिक द्रव्याची, एका धाग्याची, सुमारे 9,600 अक्षरांची. पेशी ती थेट वाचते आणि जवळपास 3,000 अमिनो आम्लांची एकच लांबलचक साखळी बनवते. मग ती कापून 10 प्रथिनं होतात. त्यांतलं एक म्हणजे जुळारी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. खिळे भराभर जुळवतो, पण चुका सुधारणारा मुद्रितशोधक या छापखान्यात नेमलेलाच नाही! म्हणून प्रत्येक आवृत्तीत नव्या चुका, एकाच रुग्णात शेकडो पाठभेद. आपलं प्रतिकारदल एक पाठ ओळखायला शिकतं तोवर दुसरा बाजारात आलेला असतो. लागण झालेल्या 100तल्या सुमारे 70 जणांत हा विषाणू ठाण मांडतो आणि लस अजून निघालेली नाही, याचं एक मोठं कारण हेच.

औषधही त्याच जुळाऱ्याला गाठतं. सोफोसबुव्हिर म्हणजे खोटा खिळा. अस्सल समजून जुळारी तो ओळीत बसवतो आणि ओळ तिथंच तुटते. सोबतीला दुसरं एक औषध, साधारण 12 आठवडे गोळ्या, आणि 95 टक्क्यांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात. 'बरे' हा शब्द इथं शब्दशः घ्या: हा विषाणू आपल्या पेशीच्या केंद्रकात शिरून दडून बसत नाही, त्यामुळं नकला थांबल्या की तो संपतो.

राहिला 'यकृतदाह'. ग्रीक 'हेपार' म्हणजे यकृत, त्याला दाह जोडून केलेला हा शब्द परिभाषेत ठीक आहे. पण दाह म्हटलं की लोकांना आग होणं आठवतं, आणि भाच्याला आग होत नाही. 'यकृतशोथ' अचूक आहे, शोथ म्हणजे सूज. पण सक्करदऱ्याच्या बाजारात शोथ कोण म्हणतो? आपल्याकडं यकृताचा खरा देशी शब्द हातचा निसटलाच. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत. त्याचं मराठीत काळीज झालं आणि ते कवितेत जाऊन हृदयाच्या जागी बसलं. मूळ अर्थ टिकला तो फक्त मटणाच्या दुकानात, 'पाव किलो कलेजी द्या' म्हणताना.

तेव्हा लिहिताना 'हेपॅटायटिस सी' लिहा. आईंना सांगा, "पोट्ट्याच्या लिव्हरले सूज हाये, रक्तातून जंतू गेला, तीन महिने गोळ्या हायेत." आणि पत्रात तुम्ही 'कावीळीचा' लिहिलंय, ते 'काविळीचा' करा, 'विषाणूमुळे' दीर्घ, 'विषाणुजन्य' ऱ्हस्व.