जबाब, तपासणी, कोर्ट : मुलाचा ताण मोजायचा कसा?

प्रश्न : पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केसमधल्या मुलांसोबत आम्ही सहाय्यक व्यक्ती, म्हणजे आधाराला सोबत राहणारे, म्हणून जातो. पोलीस जबाब, वैद्यकीय तपासणी, बालकल्याण समिती, मग कोर्ट. या चकरांचाच किती ताण येतो, हे आकड्यांत दाखवता येईल का? लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) तपासा, असं एकानं सुचवलंय. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॉर्टिसॉलच्या नादी लागू नका. हे संप्रेरक जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात चढतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. सकाळी ११चा नमुना दुपारी ४च्या नमुन्याशी ताडलात, तर कोर्टाचा नव्हे, घड्याळाचा फरक मोजाल. शिवाय नमुन्याआधी किमान अर्धा तास काही खायचं नसतं. कोर्टाच्या आवारात ताटकळलेल्या सात वर्षांच्या पोराला बिस्कीट नाही म्हणणार कोण? त्याहून मोठी अडचण म्हणजे, अत्याचार सोसलेल्या काही मुलांत पुढे कॉर्टिसॉल उलट कमी आढळतं. मग कमी आकडा बघून कुणी तरी म्हणणार, ‘याला काही वाटलंच नाही.’

त्यापेक्षा पाच चेहऱ्यांची पट्टी करा : एकवर हसरा, पाचवर रडवेला. मूल बोट ठेवेल तो आकडा लिहा. दोन साध्या दिवशी घरी नोंद घ्या. गड्ड्याची यात्रा, परीक्षा असले दिवस टाळा. मग प्रत्येक चकरेला तीनदा : निघण्याआधी, संपल्यावर अर्ध्या तासानं आणि दुसऱ्या दिवशी. “आत्ता कसं वाटतंय?” एवढंच विचारा. घटनेबद्दल चकार शब्द नको. नाही तर मोजणीच आणखी एक जबाब होते आणि बचाव पक्षाला ‘मुलाला पढवलंय’ म्हणायला जागा मिळते. प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यासमोर पट्टी काढू नका, मुलं मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं भेटतील, त्यांना हा प्रश्न तेलुगूतच विचारा. त्या रात्रीची झोप, जेवण, अंथरूण ओलं झालं का, हे आईकडून घ्या.

खरी किंमत मात्र वहीत चेहऱ्याच्या आकड्याशेजारच्या रकान्याला आहे : किती मिनिटं थांबवलं, हकीकत कितव्यांदा सांगायला लावली, समोर वर्दी होती का, आरोपी दिसला का, जवळ कोण बसलं. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, अधिकाऱ्यानं वर्दी घालायची नाही. कलम ३३ म्हणतं, साक्षीला पुन्हा पुन्हा बोलावू नये. कलम ३६ प्रमाणे साक्षीच्या वेळी आरोपी मुलासमोर येता कामा नये. अमेरिकेत गेल गुडमन व सहकाऱ्यांच्या १९९२च्या अभ्यासात अनेकदा साक्ष द्यावी लागलेली आणि आईचा आधार नसलेली मुलं सावरायला जास्त अडखळली. म्हणून चेहऱ्याचा आकडा एकटा देऊ नका. ‘दोन तास थांबवलं, दोनवरून पाचवर गेला’ असं लिहिलंत तर समितीला काय बदलायचं ते कळतं.

दहा-बारा मुलांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. प्रत्येक मूल त्याच्याच साध्या दिवसाशी ताडा. पालकांची आणि समितीची परवानगी आधी, वहीत नावाऐवजी क्रमांक. मूल ‘नको’ म्हणालं तर पट्टी खाली ठेवा आणि त्या रकान्यात ‘नकार’ लिहा, शून्य नव्हे.