लिहिणाऱ्यांच्या शंका : बारा जणांचा ग्रुप आणि गुड मॉर्निंग

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, वय 47, बँकेत नोकरी. मागच्या महिन्यात पुण्यात दोन दिवसांच्या कथालेखन वर्कशॉपला जाऊन आले, आम्ही फक्त 12 जण होतो. घाबरत घाबरत कथा वाचली, सगळे म्हणाले छान आहे. निघताना व्हॉट्सॲप ग्रुप केला, पण आता त्यावर नुसतं गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड. मला लिहिणाऱ्या मैत्रिणी हव्यात हो, पण आपणहून बोलायची लाज वाटते, सगळे माझ्यापेक्षा भारी लिहितात.

उत्तर : अहो, ग्रुपचा नाद सोडा. बारा जणांशी एकदम मैत्री कुणाचीच होत नाही, त्यातले दोघं शोधा, आणि ते ग्रुपवर नाही तर सरळ फोन करून. फोनवर काय बोलायचं म्हणाल, तर त्यांच्या कथेतली एखादी गोष्ट जी तुमच्या डोक्यात राहिली ती सांगा, "छान होती" नको, "तो सासरा दाराशी चप्पल शोधत राहतो ना, ते अजून डोळ्यासमोर आहे" असं काहीतरी. लिहिणाऱ्या माणसाला एवढं पुरतं, पुढचा अर्धा तास तोच बोलतो बघा!

माझ्या पहिल्या वर्कशॉपला एकाने जेवणाच्या रांगेत, हातात ताट असताना, मला ऐकवलं की तुमची आजी चौथ्या पानावर गेली पण मला दुसऱ्याच पानावर कळलं होतं. असा राग आला, संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. घरी येऊन परत वाचलं तर बरोबर होतं त्याचं. आठवड्याने मीच फोन केला, आणि आज माझी प्रत्येक कथा आधी तो वाचतो आणि मग संपादक. बाकीचे "छान" म्हणालेले कोण होते, एकाचंही नाव आठवत नाही.

1923 मध्ये पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरेंनी रविकिरण मंडळ काढलं ना, तेही रविवारी चहाला जमून एकमेकांच्या कविता वाचण्यातूनच, म्हणून आधीचं नाव सन-टी क्लब. तुमचा चहा व्हिडिओ कॉलवर होईल, एवढंच. महिन्यातला एक रविवार ठरवा, एका वेळी एकीचीच कथा, दोन दिवस आधी पाठवलेली, आणि वाचताना कुठे मोबाइल उचलावासा वाटला तेवढं प्रामाणिकपणे सांगायचं. लाज तर पहिल्या वेळी वाटणारच. आणि भारी लिहिणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांचे पहिले खर्डे मागून बघा एकदा, मग बोलू.

प्रश्न : अशा ठिकाणी कथा वाचली आणि कुणी आयडिया चोरली तर? (सोलापूर)

उत्तर : नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. तुम्ही ती ज्या शब्दांत, ज्या मांडणीत लिहिलीत त्यावर मात्र हक्क तुमचा, 1957 च्या कायद्याने तो लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. म्हणून डोक्यातली गोष्ट चहाच्या टेबलावर सांगत बसू नका, आधी लिहून काढा आणि वर्कशॉपला जायच्या आधी स्वतःलाच ईमेल करून ठेवा, तारीख आपोआप राहते.