शहरांची विचित्र टोपणनावं आणि चुकीची स्पेलिंगं येतात कुठून?

बहुतेक वेळा कारण अगदी फालतू असतं, आणि नंतर त्याला मस्त कहाणी चिकटवली जाते. शिकागोचं 'विंडी सिटी' घ्या, १८९३ चं जागतिक प्रदर्शन कुठे भरवायचं यावरून रस्सीखेच चालू असताना न्यूयॉर्कच्या एका संपादकाने शिकागोच्या बडबड्या पुढाऱ्यांना टोमणा मारला म्हणून ते नाव पडलं असं सगळे ठोकून देतात, पण हे नाव १८७० च्या दशकातल्या पेपरांत आधीच सापडतं, म्हणजे ती गोष्ट बाद.

न्यूयॉर्कचं 'बिग ॲपल' तर रेसकोर्सवरून आलंय. जॉन फिट्झ जेराल्ड नावाचा पत्रकार १९२० च्या दशकात घोड्यांच्या शर्यतींवर लिहायचा, त्याने ते न्यू ऑर्लिन्सच्या तबेल्यातल्या पोरांच्या तोंडून उचललं, मग ते मागे पडलं आणि १९७१ मध्ये टुरिझमवाल्यांनी पुन्हा बाहेर काढलं.

स्पेलिंगमध्ये माझं फेव्हरेट पिट्सबर्ग. १८९१ मध्ये सरकारी नाव-मंडळाने सगळीकडे सारखं असावं म्हणून शेवटचा 'एच' काढून टाकला, लोकांनी कटकट करून १९११ ला तो परत मिळवला. मधल्या काळातलं बेसबॉलपटू होनस वॅगनरचं ते प्रचंड महागडं बेसबॉल कार्ड झूम करून बघा, छातीवर बिना-एचचं पिट्सबर्ग आहे!

क्लीव्हलँडचंही तसंच, संस्थापक मोझेस क्लीव्हलँडच्या आडनावात एक 'ए' जास्त होता, तो गेला. एका पेपरच्या पहिल्या पानावरच्या नावाच्या पट्टीत मावेना म्हणून उडवला असं सांगतात, पटण्यासारखं आहे पण शपथेवर नाही सांगणार.