वर्ल्ड व्हिजनसारख्या इव्हँजेलिकल (बायबल आणि धर्मप्रचारावर भर देणाऱ्या) ख्रिस्ती संस्थांचं मदतकार्य एवढं वाढलं कसं?

मुख्यतः बालप्रायोजनामुळे, म्हणजे एका देणगीदाराने एका मुलासाठी नियमित पैसे देण्याच्या योजनेमुळे. बॉब पिअर्स या अमेरिकन धर्मप्रचारकाने १९५० मध्ये वर्ल्ड व्हिजन काढली. कोरियन युद्धातल्या अनाथ मुलांसाठी १९५३ मध्ये ही योजना आली. एका मुलाचा फोटो, दरमहा ठरलेली रक्कम, अधूनमधून पत्र. एकदाची देणगी विसरली जाते, पण फोटोतलं मूल सोडवत नाही. म्हणून देणगीदार टिकतो आणि संस्थेला पुढच्या वर्षाचा पैसा आधीच दिसतो.

गोची इथेच आहे. पुढे वर्ल्ड व्हिजनमध्ये हा पैसा थेट मुलाच्या हाती न देता गावाच्या पाणी, शाळा, आरोग्याच्या कामात एकत्र जाऊ लागला. माझ्या मते हे योग्यच, पण देणगीदाराला उशिरा कळलं की तो बिथरतो. पत्रांची भाषांतरं, फोटो, नोंदी यांचा खर्च वेगळाच.

दुसरा टेकू अमेरिकी सरकारच्या धान्याचा आणि अनुदानाचा. त्या पैशातून धर्मप्रचार चालत नाही; तो खासगी देणग्यांतून, वेगळ्या वेळी किंवा जागी करायचा. दोन्ही कामांना माणूस एकच असला की ही रेघ पुसट होते.

भारतात गाडं अडलं ते एफसीआरएवर, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यावर. कम्पॅशन इंटरनॅशनल या अशाच बालप्रायोजन करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या पैशाला गृहखात्याची पूर्वपरवानगी सक्तीची झाली आणि २०१७ मध्ये संस्थेने इथलं काम थांबवलं.