गेमच्या नकाशावर वेगवेगळे वंश कुठे बसवायचे आणि त्यांच्या सीमा कशा आखायच्या?

तुम्ही लिहिलंय की कॅम्पेनसाठी (डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलवर खेळायच्या गेममधली, अनेक बैठका चालणारी गोष्ट) खंड काढून झालाय, सात काल्पनिक वंश ठरलेत, ड्वार्फ डोंगरात, एल्फ जंगलात, ऑर्क ओसाड भागात टाकलेत, प्रत्येकाला एकेक रंग दिलाय आणि तरी नकाशा निर्जीव वाटतोय. मी बरीच वर्षं मित्रांच्या टेबलवर डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) असतो, त्या अनुभवावर सांगतो: रंग पुसून टाका. डोंगर आणि नद्या तेवढ्या ठेवा आणि पाऊस आणणारा वारा कुठून येतो ते आधी ठरवा.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा गेम नवं जग बनवतो तेव्हा हाच क्रम पाळतो. आधी उंची, पाऊस, तापमान, जमिनीचा निचरा. त्यातून जंगल, गवताळ रान, दलदल. आणि मग त्यात लोक. आपल्याला तर कॉम्प्युटरचीही गरज नाही, सातारा जिल्हा डोळ्यांसमोर आणला तरी पुरे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. आणखी पूर्वेला गेलात की माण तालुका, कायमचा दुष्काळी. एका जिल्ह्यात तीन वेगळी जगं. तुमचे तीन वंश तिथेच, एकमेकांना खेटून बसतात.

आता प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा: खायला काय आणि जळण कुठलं? ड्वार्फांकडे खाणी आहेत, पण डोंगराच्या पोटात धान्य उगवत नाही. म्हणजे खालच्या खोऱ्यातल्या माणसांशी त्यांना सोयरीक ठेवावीच लागणार. शिवाय लोखंड गाळायला लाकडी कोळसा लागतो, आणि जुन्या पद्धतीच्या भट्टीत तो लोखंडाच्या कित्येक पट जळतो. इतकं लाकूड येणार कुठून? एल्फांच्या जंगलातून. झालं, ड्वार्फ-एल्फ वैराला तुम्हाला पुरातन शाप वगैरे शोधायला नको. कोळसेवाल्यांची एक टोळी आणि तोडलेली एक राई, एवढ्यावर माझी तीन-चार सेशन निघतात.

ऑर्कांना ओसाड जमीन देणं मला मुळीच पटत नाही. जिथे काही पिकत नाही तिथे हजारोंची फौज जगते कशावर? त्यांना गुराखी करा. पावसाळ्यात कोरड्या पठारावर, तो सरला की कळप घेऊन घाट उतरून खाली. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या अशाच देशावरून कोकणात उतरतात, वाटेत शेतात बसवल्या जातात, आणि खताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. अशा लोकांचा मुलूख रंगवता येत नाही, तो एक रस्ता असतो, वर्षातल्या ठराविक महिन्यांपुरता. (फक्त रीत उचला, माणसं नाही. खऱ्या जमातीला ऑर्कांचा मुखवटा चढवलेला मी टेबलवर चालू देत नाही.)

सीमेबद्दल. नकाशावरची जाड रेघ विसरा, जकात कुठे भरावी लागते ते शोधा. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, जवळच दगडी रांजण आहे, आणि तो जकातीसाठी होता असं मानतात. सत्ता अशा खिंडीत बसते. जावळीत दाट जंगल, शेती तुटपुंजी, पण कोकणात उतरणाऱ्या वाटा मोरे घराण्याच्या हातात. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पाठोपाठ पारघाटावर प्रतापगड उभा राहिला. तुमचे एल्फ थोडे आणि गरीब असूनही दबदबा राखून असतील, तर कारण जादूपेक्षा असं काही ठेवा.

आणि एका गावाचा एकच मालक असतो असं तर धरूच नका. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. मुलूख मुघलांचा, पण महसुलाचा चौथा हिस्सा आणि त्यावर दहावा मराठ्यांचा. एकाच गावात दोघांचे कारकून! गेमसाठी याहून चांगलं काय हवं? माणसांचं गाव, सारा एल्फ राणीला, चौथाई ऑर्कांना. तिथे खून झाला तर प्लेअरनी तक्रार कोणाकडे न्यायची? माझ्या टेबलवर या एका प्रश्नावर अख्खी संध्याकाळ वाद झालाय.

एक वंश मात्र हवामानाच्या हिशेबाबाहेर ठेवा. जंजिऱ्याचे सिद्दी मूळ आफ्रिकेतले. समुद्रातला एक किल्ला आणि आरमार, एवढ्या बळावर त्यांनी किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वचक ठेवला. मराठ्यांना तो किल्ला कधीच घेता आला नाही. ‘हे इथे कसे आले?’ असा प्रश्न पडावा असं एक ठिकाण नकाशावर असलं पाहिजे.

मापाचं बोलायचं तर बहुतेक जण खंड फार मोठा काढतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत साधारण चालीनं दिवसाला 24 मैल होतात, अवघड प्रदेशात निम्मे. सहा मैलांचा हेक्स (नकाशावरचं षटकोनी घर) धरला तर रस्त्यानं दिवसाला चार, जंगलात दोन. वीस हेक्स रुंद जंगल म्हणजे दहा दिवसांची पायपीट. प्लेअरना ते पुरून उरतं.

म्हणून सातही वंश पहिल्या सेशनला बसवू नका. एक खिंड, तिच्या दोन बाजूंचे दोन वंश आणि पायथ्याचा आठवडी बाजार एवढंच नीट करा. उरलेले पाच त्या बाजारातल्या मालातून दिसू द्यात: कोणाचं मीठ, कोणाची घोंगडी, कोणाचं खोटं नाणं. प्लेअर ज्या मालाची चौकशी करतील, त्या लोकांचा मुलूख पुढच्या सेशनच्या आधी काढा.