शिकवणी आत्ता, मोडलेला ट्राइक नंतर

मुलुंडच्या एका ४६ वर्षांच्या देखभाल अभियंत्यांचे पत्र आले आहे. उतरताना आपटून मोडलेला दोन आसनी ट्राइक, म्हणजे कापडी पंखाखाली इंजिन बसवलेली गाडी टांगलेले छोटे विमान, त्यांना साडेचार लाखांत मिळतो आहे. दुरुस्तीला तीन लाख लागतील, ती चालू असतानाच २,२०,००० रुपये भरून उड्डाणही शिकावे आणि यासाठी नऊ लाखांची मुदत ठेव मोडावी आणि कमी पडणारी रक्कम पीपीएफमधून काढावी, असा त्यांचा विचार आहे. मुलगी यंदा दहावीला आहे.

सप्रेम नमस्कार. शाळेत असल्यापासूनची आपली ही ओढ मी मनापासून समजू शकते, म्हणूनच स्पष्ट लिहिते : शिकायला जरूर सुरुवात करा, पण ट्राइक आत्ता घेऊ नका.

आपल्या हातात दरमहा १,४५,००० रुपये येतात. घरखर्चाचे ७०,०००, घरकर्जाच्या हप्त्याचे ३८,००० आणि एसआयपीचे २०,००० वजा जाता १७,००० उरतात. घरात कमावणारे आपण एकटेच असल्यामुळे खर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे ६,४८,००० रुपये ठेवीत राहिलेच पाहिजेत. मोकळे राहतात ते २,५२,०००. त्यात शिकवणी बसते, विमान बसत नाही.

दुरुस्तीच्या अंदाजाची मला अधिक काळजी वाटते. आपला हात यंत्रांवर बसलेला आहे याबद्दल शंका नाही. परंतु ट्राइकला शेपटी नसते, पंखाखाली टांगलेल्या गाडीचे वजन दांड्याने सरकवूनच तो वळवावा लागतो, आणि हा सगळा भार मधला खांब व त्याला पंखाशी जोडणारा बोल्ट पेलतात. आपटलेल्या ट्राइकची वाकलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी सरळ करून वापरता येत नाही, ती बदलावीच लागते. पीळ पडलेल्या तारांचेही तेच. पंखाचे डॅक्रॉन कापड उन्हाने कमजोर होते आणि ते नुसत्या नजरेला कळत नाही, त्यामुळे ताकदीच्या चाचणीत ते उतरले नाही तर दुरुस्तीचा हिशेबच बदलतो. इंजिनचा पंखा (प्रोपेलर) फिरत असताना जमिनीला लागला असेल तर गिअरबॉक्स आणि क्रँकशाफ्टही तपासावे लागतील. इंजिन रोटॅक्स ५८२ असेल तर दर ३०० तासांनी ते पूर्ण उघडावे लागते, ९१२ असेल तर ही मुदत २,००० तासांची असते; म्हणून ते किती तास चालले आहे हे लॉगबुकात पाहिल्याशिवाय साडेचार लाख ही किंमत स्वस्त की महाग, हे ठरवताच येणार नाही. एवढे करूनही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची कागदपत्रे पूर्ण झाल्याखेरीज ट्राइक जमिनीवरच राहील.

दुरुस्ती चालू असताना आपण शिकणार ते प्रशिक्षकाच्या ट्राइकवर. म्हणजे शिकवणी, सुटे भाग आणि शेडचे भाडे हे तिन्ही खर्च एकाच वेळी चालू राहतील. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून उतरवलेले जुहू आपल्याला जवळचे वाटत असेल, पण मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात नवशिक्याला जागा नाही, त्यामुळे बाहेरगावी जाण्या-येण्याचा खर्चही धरा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उड्डाण होणार नाही; तेव्हाच्या मासिक शिलकीचे ६८,००० रुपये या प्रवासखर्चासाठी बाजूला ठेवता येतील.

पहिले उड्डाण करण्याआधी विम्याची कागदपत्रे उघडा. वैयक्तिक अपघात विम्यात बहुधा तिकीट काढून केलेल्या विमानप्रवासालाच संरक्षण असते, स्वतः विमान चालवण्याला नसते. मुदत विमा कंपनीला हा छंद लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या, जास्तीचा हप्ता पडला तरी चालेल. मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी असताना या एका गोष्टीत मी कोणतीही सवलत देणार नाही.

पीपीएफला हात लावू नका. वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त भरता येत नसल्याने काढलेली रक्कम पुन्हा भरली तरी ती त्या वर्षाच्या मर्यादेतच मोजली जाते.

एकट्याने उडण्याइतकी तयारी झाल्यावर ट्राइकचा विचार पुन्हा करू. तोवर बरोबर शिकणारे दोघे-तिघे ओळखीचे झालेले असतील; लेखी करार करून भागीदारीत घेतलेला ट्राइक आपल्या मिळकतीला झेपेल. विक्रेता दिवाळीपर्यंत उत्तर मागतो आहे, तर त्याच्याकडून आत्ता फक्त इंजिनच्या लॉगबुकाच्या आणि नोंदणीच्या प्रती मागवा, विसार देऊ नका. प्रती मिळाल्या की विम्याच्या कागदांसह मला पाठवा.