बोटीवर रमणारा मुलगा आणि बाबांचं सीए

पत्र (थोडक्यात): आम्ही मॉरिशसचे, वाक्वाला राहतो, घरात मराठी आहे. मुलाची एचएससी झाली, मार्क बरे. पुण्याला पाठवून बीकॉम, मग सीए करावं असं मला वाटतं. तो म्हणतो टुरिझमचं ट्रेनिंग घेणार, ब्लू बेच्या किनाऱ्यावर मामाच्या काचेच्या तळाच्या बोटीवर काम करणार. आजोबांनी ऊस तोडला तो नातवाने ताटं उचलावीत म्हणून? समजवा त्याला.

उत्तर: दादा, रागावू नका, पण समजवायचं तुम्हालाच आहे. पत्रात 'भावाचा मुलगा लंडनला अकाउंटंट' दोनदा येतं, मुलाचं म्हणणं एकदाच, तेही चिडून. आणि शेवटी तक्रार, की २०२० ला वाकाशिओ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा क्लास बुडवून हा मामाकडे पळाला आणि दिवसभर पाचट भरत बसला. अहो, तेल अडवायला तेव्हा लोकांनी कापडात उसाचं पाचटच भरलं होतं ना? आजोबांच्या उसाचं नाव घेता आणि हे तक्रार म्हणून लिहिता, कमाल आहे.

पुण्यात बीकॉमला अ‍ॅडमिशन मिळेल, तो प्रश्नच नाही.

टुरिझम म्हणजे ताटं उचलणं हे डोक्यातून काढा. (ताटं उचलण्यातही कमीपणा नाही, पण ते असो.) तुमच्याच माहेबुर्गसमोरचं ईल ओ एग्रेत बघा, जेमतेम २६ हेक्टरचं बेट, तिथे गाईडशिवाय फिरताच येत नाही, आणि १९९० च्या सुमारास जंगलात दहाएकच उरलेलं गुलाबी कबुतर परत कसं वाढवलं हे फ्रेंच-इंग्लिशमध्ये सांगायचं तर झाडं, पक्षी, इतिहास सगळं यावं लागतं. ब्लू बेचं प्रवाळ पांढरं का पडतं, नांगर कुठे टाकायचा नाही, हॉटेलचं सांडपाणी जातं कुठे, ही सगळी शिकायची कामं आहेत.

आता मुलालाही चार शब्द. कोरोनात बॉर्डर बंद झाल्या तेव्हा मामाची बोट किती महिने किनाऱ्यावर होती ते विचार. नुसत्या बोटीच्या भरवशावर राहू नकोस, स्किपरचं लायसन्स काढ, एबेनच्या हॉटेल स्कूलमध्ये चौकशी कर, जोडीला हिशेब शीक, बाबांना तेवढं तरी बरं वाटेल. आणि कोर्सच्या नावात 'सस्टेनेबल' दिसलं की फी भरून मोकळा होऊ नकोस, आधी प्रॅक्टिकल किती, ट्रेनिंग कुठल्या हॉटेलात हे विचार.

दादा, एका रविवारी तुम्ही त्याच्या मामाच्या बोटीत बसा, टुरिस्ट म्हणून, मधे न बोलता. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुमच्याकडची क्रिओल बोली मिसळलेली मराठी चालेल.